लांबच्या राइडआधी: वाटेतलं शहर किती वाजता ओलांडायचं ते ठरवा
(आमच्या पुण्याच्या गॅरेजमधून दुचाकीवर बाहेरगावी निघणाऱ्या ग्राहकांसाठी)

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे जळलेल्या क्लच प्लेटा येऊ लागतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "घाट मस्त चढली हो गाडी, पण घोडबंदरला दोन तास अडकलो." हजार किलोमीटर हायवे गाडी हसत काढते. तिला थकवतात ते शहराच्या वेशीवरचे दहा-पंधरा किलोमीटर, आणि चालवणाऱ्यालाही तेच थकवतात. त्यामुळे मुक्काम कुठे, रोज किती किलोमीटर, हे नंतर बघा. आधी वाटेतल्या प्रत्येक मोठ्या शहराची वेळ ठरवा आणि बाकीचा दिवस तिच्या मागेपुढे बसवा.

गुजरात-राजस्थानला निघालेल्यांचंच बघू. बहुतेक जण सवयीने मुंबईच्या दिशेने निघतात. एक्सप्रेसवे दुचाकीला बंद. म्हणजे जुन्या हायवेने खंडाळा उतरून पनवेल, कळंबोली, ठाणे आणि मग घोडबंदर, सगळीकडे कंटेनरच्या मधोमध. आमचा सल्ला, नाशिकवरून जा. किलोमीटर थोडे वाढतील, पण दिवस सुखाचा जाईल.

पहाटे पाचला नाशिक फाटा सोडा. चाकण सहाच्या आत मागे पडलं पाहिजे, कारण त्यानंतर कंपन्यांच्या बसेस सुरू होतात आणि चौकात पाय टेकवत पुढे सरकावं लागतं. एकदा चाकण सुटलं की घाई नको. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव यांना बाह्यवळण आहे, पण नाश्त्याला आत वळायला हरकत नाही. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतील तर दहा मिनिटं जास्तच जातील, जाऊ द्या. चंदनापुरी घाट, संगमनेर, सिन्नर. हे सगळं आरामात करायचं, कारण नाशिकला लवकर पोचून फायदा नाही. सकाळी नऊ-दहाला द्वारका चौकात अडकण्यापेक्षा सिन्नरला चहा घेत बसा आणि अकरानंतर शहरात शिरा. द्वारका ओलांडून पंचवटीकडे, दिंडोरी नाक्यावरून दिंडोरी, वणी आणि सापुतारा. नवरात्रात आणि चैत्रात मात्र वणीच्या रस्त्यावर सप्तशृंगीला जाणाऱ्यांची गर्दी असते. तेव्हा वेळ हातचा ठेवा. पहिला मुक्काम सापुताऱ्यालाच करा. पुढे वघईचा जंगलातला रस्ता सुंदर आहे, पण तो उजेडात बघण्याचा.

दुसऱ्या दिवशी वघई, वांसदा करत चिखलीला मुंबई-अहमदाबाद हायवे लागतो. सुरत शहरात शिरावं लागत नाही, पण पलसाणा ते कामरेज पट्ट्यात ट्रक भरपूर. तो सकाळी लवकर काढा. वडोदऱ्याच्या पुढे अहमदाबादचा एक्सप्रेसवे दुचाकीला बंद आहे, तिथे आणंद-नडियादची पाटी धरा. अहमदाबादला थांबायचं नसेल तर सरदार पटेल रिंग रोडने बाहेरून निघा.

दुचाकीला बंद असलेले रस्ते आधी माहीत असू द्या, नाहीतर ऐनवेळी परत फिरावं लागतं. समृद्धी महामार्ग (701 किलोमीटर, आणि "रात्रीचं कोण बघतंय" म्हणून कुणीही जाऊ नये), मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जेजे उड्डाणपूल, अटल सेतू. मॅपवर दुचाकीचं चिन्ह निवडा. कारचं चिन्ह राहिलं तर तो तुम्हाला बिनधास्त एक्सप्रेसवेवर घालतो.

आता यंत्राकडे. एअर-कूल्ड इंजिन वाऱ्यावर थंड होतं. ट्रॅफिकमध्ये वाराच नसतो, आणि त्यात तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून, गाडी रेंगाळत ठेवता. त्याने ऑइल तापतं, प्लेटा घासतात. रेस वाढतेय पण गाडी ओढत नाही, असं वाटलं की समजा क्लच घसरतोय. कडेला घ्या, बंद करा, वीस मिनिटं सोडा. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं पाणी ओतू नका, दर मोसमात कुणीतरी ओततंच. लांब सिग्नलला न्यूट्रल करून इंजिन बंद, एवढी सवय लागली तरी निम्मं काम झालं. क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, हवा. घट्ट केबलने क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो. सीटखाली एक जादा क्लच केबल ठेवा. लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर निघण्याआधी फॅन फिरतो का बघा, कारण हायवेवर तो बंद पडलेला कळतच नाही, कळतो ते शहरात.

टायरची हवा थंड असताना, म्हणजे आदल्या संध्याकाळी घराजवळच भरा. पहाटे पाचला हवावाला उठलेला नसतो. आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो, मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या टायरला वेगळा. सॅडल बॅग हँडलपेक्षा रुंद नको. हँडल जिथून निघतं तिथून बॅगही निघेल, या भरवशावरच आपण फटीत शिरतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि चांगलंच द्या.

परतीबद्दल मात्र आम्हाला खरी काळजी असते. गोव्याहून किंवा कोल्हापूरकडून रविवारी संध्याकाळी येणारा माणूस थकलेला असतो, घर दिसत असतं, आणि नेमका तेव्हाच कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार येतो. मागून जड ट्रक, काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले. ट्रकच्या पुढे अडकून राहू नका, इंजिन ब्रेकवर, म्हणजे खालच्या गिअरमध्ये रेस सोडून उतरा, आरशात बघत राहा. त्याहून बरं म्हणजे रविवारी दुपारी तीनच्या आत पुण्यात या. नाहीतर सातारा-कराडकडे मुक्काम करून सोमवारी पहाटे निघा. साहेबांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मागणं क्लच बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

गाडी निघण्याच्या निदान आठवडाभर आधी आणा. नवीन ब्रेक पॅड आणि चेन बसवल्यावर पन्नास-साठ किलोमीटर गावातच चालवून आणा, मग आम्ही चेन पुन्हा ताणून देतो. त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं.