कोंबड्यांना पाण्यातून जंत-कॉक्सीचं औषध देणं

कोंबड्यांच्या पोटातले परजीवी मारायला पिण्याच्या पाण्यात औषध मिसळून देतात, ब्रॉयलर-लेयरच्या शेडपासून परसातल्या दहा-वीस गावरान कोंबड्यांपर्यंत सगळीकडे हीच पद्धत, कारण एकेक पक्षी धरून चोच उघडत बसायला वेळ कुणाकडे असतो? शिवाय आजारी पक्षी खाद्य सोडतो पण पाणी बऱ्याचदा पीत राहतो. गोम अशी की औषध पक्ष्याच्या पोटात किती गेलं हे तो पाणी किती प्यायला यावर ठरतं. उन्हाळ्यात कोंबडी खूपच जास्त पिते, मग तेच प्रमाण जास्त होतं, आणि पावसाळ्यात अंगणातल्या डबक्यात तोंड घातलं की औषधाचं पाणी तसंच राहतं.

आधी रोग ओळखावा. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस (कॉक्सी), हा जंत नाही, आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव आहे, त्यावर जंताचं औषध चालत नाही. त्याला अँप्रोलियम देतात. २० टक्के पावडर असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला १२ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, आणि नंतर कमी प्रमाणात आठवडा-दोन आठवडे. चमचा-चिमटीचा हिशोब इथे चालत नाही, छोटा वजनकाटा घ्यावा. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि परजीवीला ते मिळू देत नाही, म्हणून त्याच दिवसांत ‘ताकद यावी’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. हे बरेच जण करतात! टोल्ट्राझुरिल २.५ टक्के असेल तर लिटरला १ मिली, सलग ४८ तास, पण खायची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना नाही, आणि ॲसिडिफायर (पाणी आंबट करणारं द्रावण) टाकलेल्या पाण्यात तर अजिबात नाही, ते तळाला बसतं.

गोल जंतांना पिपेराझिन किंवा लेव्हामिसोल. पिपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं, चपट्या जंतावर दोन्ही निरुपयोगी. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळतच नाही, ड्रिंकरच्या तळाशी पांढरा गाळ साचतो आणि ज्याची चोच तळापर्यंत जाते त्याला ओव्हरडोस, बाकीचे कोरडे, म्हणून ते खाद्यातून दिलेलं बरं. बाटलीवर डोस किलो वजनावर लिहिलेला असेल तर चार-पाच पक्षी तोलून सरासरी काढावी आणि पूर्ण कळपाचं औषध ते काही तासांत संपवतील एवढ्याच पाण्यात मिसळावं.

औषध सकाळी द्यावं, त्याआधी तास-दीड तास पाणी काढून घ्यावं, कडक उन्हाळ्यात मात्र पक्षी तहानेला ठेवू नये. साधं पाणी कुठेच नको, गळका नळसुद्धा नको. भांडी पुरेशी ठेवावी, नाहीतर दांडगे पितात आणि ज्यांना खरी गरज ती किडकिडीत पिल्लं मागे राहतात. पाणी रोज नवीन बनवायचं. आणि शेडमधलं तुसाचं अंथरूण (लिटर) ओलंच राहिलं तर औषध देऊन उपयोग नाही, उबदार ओल्या तुसात आयमेरियाची अंडी एक-दोन दिवसांत तयार होतात आणि साध्या फिनाईलने मरत नाहीत.

खाद्याच्या गोणीवरचं लेबलही वाचावं, ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सीविरोधी औषध बऱ्याचदा आधीच असतं. त्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल आणि दुसऱ्या आजारासाठी पाण्यातून टायम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं तर पक्षी लुळे पडून मरतात. सोबत काय चालेल ते डॉक्टरांना विचारूनच.

अंडी आणि मांस किती दिवस वापरायचं नाही हे औषधागणिक वेगळं असतं, लेबलवर छापलेलं असतं, तेवढे दिवस घरच्यांनीही ती अंडी खायची नाहीत. उरलेलं पाणी शेळ्यांच्या भांड्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.