एका मिनिटाचा पुरावा

17 ऑक्टोबर 2009, सकाळचे 11 वाजून 49 मिनिटं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, वडिलांच्या घरून, एका 19 वर्षांच्या मुलाने फेसबुकवर पॅनकेकच्या न्याहारीबद्दल काहीतरी लिहिलं. पुढच्याच मिनिटाला दूर ब्रुकलिनमध्ये लूटमार झाली आणि त्या गुन्ह्यात हाच मुलगा तुरुंगात गेला. वकिलाने ते स्टेटस पुढे केलं, सरकारी पक्षाने फेसबुककडून नोंद मागवली. पोस्ट वडिलांच्या घरच्या कॉम्प्युटरवरूनच झाली होती. आरोप मागे घेतले गेले.

त्याला वाचवलं ते लिहिलेल्या शब्दांनी नव्हे, सर्व्हरने टिपलेल्या वेळेने आणि ठिकाणाने. अर्थात कीबोर्डवर बोटं कुणाची होती हे सर्व्हरला कळत नाही. म्हणून तो घरीच होता ही वडिलांची साक्षही मोलाची ठरली.

घड्याळाचंच घ्या. बऱ्याच सर्व्हरच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. 12 तारखेला रात्री 1 वाजता पुण्यात टाकलेली पोस्ट त्या नोंदीत 11 तारखेच्या 19:30 ला दिसते. ‘मी तिथे नव्हतोच’ हा बचाव एवढ्या गफलतीनेही कोसळू शकतो.

स्क्रीनशॉट म्हणजे तर नुसतं चित्र. नाव, वेळ, मजकूर, सगळं बदलता येतं. म्हणून फाइलची हॅश काढतात. एसएचए-256 या पद्धतीत फाइल केवढीही असो, तिच्यापासून 64 चिन्हांची ओळ तयार होते. मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम काढा, अख्खी ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. जप्तीच्या वेळची आणि कोर्टातली हॅश जुळली, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही.

मूळ यंत्र हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कोणत्या यंत्रातून, कसा काढला हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या प्रमाणपत्रात आता हॅशही लिहावी लागते.

माझ्या मते घाबरून पोस्ट पुसणं हे आरोपीचं सगळ्यात मोठं नुकसान. पुरावा दडवायला नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहेच, शिवाय समोरच्याकडे त्याचा स्क्रीनशॉट उरतो आणि तो खोटा ठरवायला लागणारी मूळ पोस्ट आपणच घालवलेली असते. फोटोचंही तसंच: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो कुठे आणि कधी काढला ही आतली माहिती गळून पडते. वकिलाकडे जाताना मूळ फोनच न्यावा.