ध्वनि-चित्र मेळ (व्हिडिओ फाइलींतील)

व्हिडिओ फाइलमधील चित्र आणि त्याचा आवाज प्रेक्षकापर्यंत एकाच क्षणी पोचण्याची स्थिती. ती बिघडली की ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो, किंवा ताशावर काडी पडायच्या आधीच कडकडाट होतो. ठाणे–नवी मुंबईत लग्नाचे, मुंजीचे आणि गणपतीचे शूटिंग करणारी मंडळी याला ‘सिंक गेलंय’ एवढेच म्हणतात. आवाज ‘पुढे धावतो’ किंवा ‘मागे पडतो’.

माणूस मागे पडलेला आवाज बराच चालवून घेतो, पुढे धावणारा मात्र त्याला लगेच खटकतो. याचे कारण रोजच्या अनुभवात आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या कडेला ८५ मीटरवर उभे राहिले, तर फलंदाजाने मारलेला फटका आधी दिसतो आणि ‘ठक’ पाव सेकंदाने येते. उलटा प्रकार निसर्गात घडतच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हाच कल आकड्यांत दिसतो : आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी कळतो, मागे मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत पडला तरी बहुधा लक्षात येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकामागोमाग दाखवली जाणारी स्थिर चित्रे, धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे पुढच्या बाजूला जेमतेम एक फ्रेम माफ, मागच्या बाजूला तीन.

दुरुस्तीआधी एकच प्रश्न सोडवायचा असतो : फरक कायम आहे की वाढत जातो? बरेच जण इथेच चुकतात. सुरुवातीचा फरक मोजून सगळा आवाज सरकवतात, पहिली पाच मिनिटे पाहून खूश होतात आणि पाठवणीपर्यंत पुन्हा वरातीमागून घोडे. म्हणून मोजमाप दोन ठिकाणी करावे, एक आरंभाजवळ आणि एक शेवटाजवळ, आणि तेही जिथे क्षण नेमका दिसतो व ऐकू येतो तिथे. सिनेमावाले यासाठी क्लॅप, म्हणजे पाटीवर आपटायची पट्टी, वापरतात. लग्नात अंतरपाट दूर होताच वाजणाऱ्या टाळ्या, मिरवणुकीत ढोलावर पडणारा पहिला टिपरू, हे आयते क्लॅपच.

समजा, दुसऱ्या मिनिटाला आवाज ०.२ सेकंद मागे आहे आणि बासष्टाव्या मिनिटाला ३.८ सेकंद. तासाभरात ३.६ सेकंदांची वाढ म्हणजे हजारात एक, आणि हा आकडाच चोर दाखवतो : २९.९७ फ्रेमचे चित्र कोणीतरी ३० फ्रेमचे समजून वाजवले आहे. २९.९७ हा विचित्र वेग अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत दूरदर्शन प्रक्षेपणाच्या मानकातून आला. आपल्याकडे दूरदर्शनचा वेग २५ फ्रेमचा, मोबाइलचा बहुधा ३०. एकाच लग्नात दोन्ही येतात आणि एडिटिंगच्या टेबलावर भांडतात. अशा वेळी आवाज ताणण्या-आवळण्यापेक्षा चित्राचा वेग नीट नोंदवणे चांगले, कारण बिघडले ते चित्र आहे. सनईचा सूर उगाच का हलवायचा? दुसऱ्या मिनिटाच्या ०.२ पैकी ०.१२ सेकंद वेगाबरोबरच जातात, उरलेले ०.०८ सेकंद मग सरकवून भागते. हाच क्रम पाळावा : आधी वेग, मग सरकवणे.

पहिल्याच मिनिटात आवाज पाच सेकंदांनी मागे पडला आणि गुरुजींचा गळाही जड वाटू लागला, तर सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा (ध्वनिलहरीच्या मोजमापांचा) आवाज ४४,१०० च्या वेगाने वाजतो आहे. पहिला आकडा व्हिडिओचा, दुसरा ऑडिओ सीडीचा.

मोबाइलच्या चित्रीकरणात आणखी एक खोच आहे. अंधार पडला की फोन फ्रेमचा वेग आपणहून कमी करतो आणि प्रकाश आला की वाढवतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असल्याने फोनवर सगळे ठीक दिसते, पण वेग स्थिर धरून चालणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मेळ जागोजागी ढळतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने आधी स्थिर वेगाची प्रत करून घेणे हाच सोपा उपाय.

नाटकाच्या चित्रीकरणात प्रश्न अधिक गमतीचा होतो. ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह घ्या : कॅमेरा मागे, आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर. दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतकाच फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद जातात. तिसऱ्या अंकापर्यंत ते डोळ्यावर येते. त्यामुळे प्रत्येक अंकाचा आवाज वेगळा जुळवावा. जुळवणी हल्ली सॉफ्टवेअरच करते : कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेल्या आणि मिक्सरवरच्या आवाजाच्या लहरी एकमेकींवर बसवते. पण कॅमेरा मंचापासून २५ मीटरवर असेल, तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायलाच सुमारे ७३ मिलिसेकंद लागलेले असतात. चित्र मात्र तत्क्षणी पोचते. मिक्सरचा चोख आवाज या उशिरा आलेल्या आवाजावर बसवला की तोही तेवढाच मागे जातो. सॉफ्टवेअरने ‘जुळले’ म्हटल्यावरही तो हाताने दोन फ्रेम पुढे घ्यावा लागतो. बाल्कनीतल्या प्रेक्षकाला हाच उशीर जाणवत नाही, कारण त्याला नट लांब दिसतो. कॅमेऱ्याने नटाचा चेहरा झूम करून जवळ आणला की ओठ आणि शब्द वेगळे पडतात.

फाइल नुसती पाहायची असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये विंडोजवर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांत अनुक्रमे पुढे-मागे होतो. फाइल बदलत नाही. कायमचा बदल एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने चित्र पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्याने न दाबता, करता येतो, आणि एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरने वाटेल ते. दोष फाइलचाच आहे ना, हेही पाहावे. ब्लूटूथ इयरफोन आवाजाला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज उशीर लावतो. ठाणे–वाशी लोकलमध्ये बिघडलेली वाटणारी क्लिप घरी स्पीकरवर चोख निघते.

सर्वांत चिवट प्रकार जुन्या व्हीएचएस कॅसेटींचा. लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवताना जिथे फीत झिजलेली असते तिथे संगणकाकडून फ्रेम गळतात. चित्र तेवढे आखूड होते, आवाज मात्र पूर्ण येतो, म्हणून तो पायरी-पायरीने मागे पडत जातो. इथे ना सरकवून भागते ना ताणून. वाटेत टाइम बेस करेक्टर नावाचे, फितीवरच्या डळमळत्या चित्राची वेळ सावरणारे यंत्र लावून पुन्हा उतरवणे उत्तम. ते नसेल तर आवाजाचे तुकडे करून एकेक बसवायचा. तुकडा कुठे तोडायचा याला अनुभवी हात ठरलेली जागा शोधतात : एक मंगलाष्टक संपून ‘सावधान’ची आस विरते आणि गुरुजी पुढच्यासाठी श्वास घेतात, तिथे.