दारुड्या उंदरांचे चौथे गुणसूत्र

मालवणात एखाद्या पिणाऱ्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, "बापाशीचो गुण, रक्तातच आसा." पण माडाखाली वाढलेल्या पोराला माडीची ओढ बापाकडून आली की वाडीकडून, हे माणसांत सुटे करणे कठीण. उंदरांत जमते.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांतून निवड करत दोन वाण काढले. पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत 10 टक्के अल्कोहोल, खाणे मुबलक. बाटल्यांच्या जागा बदलत राहायच्या, नाहीतर सवयीने उजवीकडेच तोंड लावणारा उंदीर दारुडा ठरतो. एक बाटली रिकाम्या पिंजऱ्यावरही टांगायची; गळून-उडून किती गेले ते तिच्यावरून कळते. शरीराच्या किलोमागे रोज 5 ग्रॅमहून जास्त अल्कोहोल पिणारे एका वाणात, दीड ग्रॅमच्या आतले दुसऱ्यात.

आता मेंदू. जनुके प्रत्येक पेशीत तीच, पण कोणत्या जनुकाच्या आरएनए-प्रती (प्रथिन घडवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या नकला) किती निघतात, ते जागोजागी वेगळे. दोन्ही वाणांत या प्रती मोजायच्या. पेच असा की दारूनेच हे आकडे बदलतात. म्हणून थेंबही न चाखलेले उंदीर घ्यावे लागतात. तेही दिवसाच्या एकाच वेळी. एक वाण सकाळी आणि दुसरा दुपारी कापला, तर झोप-जागेची जनुके 'दारूची जनुके' म्हणून हाती येतात. उघड्या बोटावरच्या घामातले विकर आरएनए खाऊन टाकते, म्हणून हातमोजे. ऊतक लगेच गोठवून उणे 80 अंशांत.

एवढे करूनही फरक शेकड्यांनी निघतात, बहुतेक नुसते सोबत वाहत आलेले. मग एका वाणाच्या, संशय असलेल्या चौथ्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यात उतरवतात: संकर, मग ज्यात उतरवायचा त्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, दर पिढीत तुकडा असलेलीच पिल्ले पुढे. दहा पिढ्यांनी बाकीचा जनुकसंच 99 टक्क्यांहून अधिक त्याच वाणाचा. तुकड्याबरोबर पिण्याचे प्रमाणही हलते, पूर्ण नव्हे.

याच तुकड्यात अल्फा-सिन्यूक्लिन या मेंदूतल्या प्रथिनाचे जनुक आहे. पिणाऱ्या वाणाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागात, त्याच्या प्रती जास्त. दोन वाणांतला एक फरक प्रथिनाच्या मजकुरात नाही, आरएनएच्या शेपटीत, म्हणजे प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात आहे. प्रत किती टिकते ते शेपटीवर अवलंबून. प्रथिन तेच, माप वेगळे. चहात गुपचूप मिसळायच्या 'दारू सोडवणाऱ्या' पुडीने किंवा देवळातल्या गाऱ्हाण्याने हे माप बदलत नाही, आणि 'दारूचे जनुक सापडले' हा मथळाही तितकाच पोकळ: या एका तुकड्यातच जनुके पुष्कळ आहेत.