सीलिअ‍ॅक: सासरचा की माहेरचा?

"आमच्या अख्ख्या घराण्यात कोणाला गहू बाधला नाही, मग पोराला हे कुठून आलं?" सीलिअ‍ॅकचं निदान झालं की हा प्रश्न येतोच, आणि मग सासरकडून की माहेरकडून यात एक रविवार जातो. आधी एक सांगतो, ही अ‍ॅलर्जी नाही. गव्हातलं, जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची फौज स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते.

आता माझा आवडता भाग. आपल्या काही पेशींवर डीक्यू नावाचं प्रोटीन असतं, त्याला ओंजळ समजा, कारण त्याचेही दोन तळवे असतात, अल्फा आणि बीटा. या ओंजळीत प्रोटीनचे तुकडे धरून पेशी ते टी-सेल्सना, म्हणजे त्या फौजेतल्या सैनिकांना, दाखवतात. ग्लुटेनमध्ये प्रोलीन हा प्रोटीनचा एक घटक इतका ठासून भरलाय की आपले पाचकरस ते नीट कापूच शकत नाहीत, लांब लांब तुकडे उरतात, मग आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्यातल्या ग्लुटामिन या दुसऱ्या घटकाचं काही ठिकाणी ग्लुटामेट करतं, म्हणजे तिथे निगेटिव्ह चार्ज येतो आणि तो तुकडा डीक्यू 2.5 जातीच्या ओंजळीत असा चपखल बसतो की टी-सेल्स खवळतात. सहसा दोन्ही तळवे एकाच पालकाकडून जोडीने येतात, सहाव्या क्रोमोसोमवर त्यांची जनुकं शेजारी शेजारी असतात म्हणून. पण कधीकधी अल्फा आईकडून, बीटा बाबांकडून! पूर्ण ओंजळ दोघांपैकी एकाकडेही नाही आणि पोरात मात्र जुळली. तेव्हा रविवारचं भांडण बरोबरीत सोडवा.

अर्थात नुसती ओंजळ असून भागत नाही. 2016 मध्ये आलेल्या भारतातल्या अभ्यासात ही डीक्यू 2 ची किंवा तिच्यासारखीच घात करणाऱ्या डीक्यू 8 ची जनुकं उत्तरेत साधारण 38 टक्के, दक्षिणेत 36 टक्के लोकांत सापडली, आजाराच्या अँटीबॉडी मात्र उत्तरेत 1.23 आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत. ताटात गहू किती, हा मोठा फरक.

सख्ख्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना निघतो, पण प्रत्येकात वेगळं सोंग घेऊन. थोरल्याला जुलाब आणि खुंटलेली उंची, बहिणीला लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा अ‍ॅनिमिया, आत्याच्या कोपरांवर खाजरे फोड, आणि बाबांना काहीच त्रास नाही पण आतून आतडं झिजलेलं, असं एकाच घरात दिसू शकतं. पोर अंग धरत नाही म्हणून दृष्ट काढणारे, गंडे बांधणारे अजून आहेतच, आणि दुसऱ्या टोकाला काहीही झालेलं नसताना महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं खाणारे. अहो, ज्वारीची भाकरी जन्मापासून ग्लुटेन-फ्री आहे.

भावंडांची, आईबाबांची टीटीजी-आयजीए रक्ततपासणी (त्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या आयजीए जातीच्या अँटीबॉडी शोधणारी) करून घ्या, सोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या जातीच्या एकूण अँटीबॉडी. मात्र त्याआधी पोळी बंद करू नका, नाहीतर अँटीबॉडी उतरतात आणि रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो. एकदा निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, डीक्यू 2 किंवा 8 ची ओंजळ असेल तर पुढे कुठल्याही वयात होऊ शकतो. ती नसेलच तर जवळजवळ निश्चिंत. आणि ज्याला निघालाय त्याच्या घरी पोळ्या थांबल्या तरी फोडणीतला डबीतला हिंग राहून जातो, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.