प्लेअरचा आवाज किती ठेवायचा? मोजणी आणि सेटिंगची माहिती

प्लेअर किंवा फोन आमच्याकडे तपासायला देताना बरेच जण विचारतात, "मी साठ टक्क्यांवर ऐकतो, एवढं चालतं ना?" नुसत्या टक्क्यांवरून याचं उत्तर देता येत नाही. पडद्यावरची पट्टी प्लेअर किती व्होल्टेज बाहेर सोडतोय याचा अंदाज देते. कानाशी किती आवाज पोचतो ते त्यापुढे जोडलेल्या हेडफोनवर आणि वाजणाऱ्या रेकॉर्डिंगवर ठरतं. म्हणून आम्ही प्लेअर आणि हेडफोन जोडीनेच मोजतो. नुसता प्लेअर घेऊन आलात तर आमचं उत्तर अर्धवटच राहील.

एकच आकडा, तीन हेडफोन

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात: ओहम (विजेला होणारा विरोध) आणि डेसिबल (ठरावीक विजेवर आवाज किती मोठा होतो ते). समजा हेडफोन 32 ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला 100 डेसिबल देतो. त्याला एक मिलिवॅट मिळायला साधारण 0.18 व्होल्ट लागतात. आता पट्टीला हात न लावता तिथे 32 ओहमचाच, पण 115 डेसिबलचा इअरफोन लावा. आवाज थेट 15 डेसिबलने चढला. 300 ओहमचा, 97 डेसिबलचा मोठा हेडफोन लावलात तर तो 87 च्या आसपास येतो आणि ग्राहक म्हणतो, "प्लेअरमध्ये दम नाही." प्लेअर तोच, पट्टीही तिथेच!

यात एक खोच आहे. काही कंपन्या मिलिवॅटऐवजी एका व्होल्टला किती डेसिबल तो आकडा छापतात. वरचा पहिला हेडफोन तसा मोजला तर 115 भरतो. त्यामुळे दोन खोकी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी एकक बघा.

आम्ही मोजतो कसं

हेडफोन कृत्रिम कानावर बसवतो. माणसाच्या कानाच्या पोकळीएवढी जागा असलेला हा धातूचा साचा असतो आणि त्याच्या टोकाला मायक्रोफोन असतो. प्लेअरवर गाणं न लावता संगीतासारखाच चढउतार असलेला ठरावीक खरखराट वाजवतो, म्हणजे आजची आणि सहा महिन्यांनंतरची मोजणी ताडून बघता येते. पट्टीची प्रत्येक पायरी वेगळी मोजतो, कारण पायऱ्या सारख्या नसतात. खालच्या टोकाला एका पायरीत आवाज बराच उडी मारतो, वर जाताना हळूहळू चढतो. शेवटी एक वजावट करतो. कानाची नळी 3000 हर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा मात्र कानाबाहेरच्या मोकळ्या आवाजाच्या हिशेबात दिलेल्या असतात. ही वजावट केली नाही तर आकडा विनाकारण भीतिदायक दिसतो.

घरी मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप हेडफोनला टेकवून बघायला हरकत नाही, पण त्या आकड्यावर विसंबू नका. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. हेडफोन आणि फोन यांच्यात फट राहिली की खालचे सूर निसटून जातात. कानात घालायच्या इअरफोनसाठी तर ही पद्धत मुळीच कामाची नाही. दोन जोड्यांपैकी कुठली मोठी वाजते एवढं साधारण कळेल, तेवढंच.

किती आवाज, किती वेळ

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून ठरवलेलं मानक असं आहे: मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास. मुलांसाठी 75 डेसिबल, तेवढेच तास. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. म्हणजे तुमची जोडी नेहमीच्या पायरीवर 89 दाखवत असेल तर रोजची पाऊण तासाहूनही कमी वेळाची मुभा उरते. वरच्या उदाहरणातला 15 डेसिबलचा फरक याच हिशेबात बसवा: वेळ बत्तीस पटींनी घटतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा हिशेब आम्ही प्रत्येक अहवालात मांडतो.

फोन मध्येच "आवाज जास्त आहे" असा इशारा देतो, तो याच कुळातला. युरोपात 2013 पासून विकल्या जाणाऱ्या प्लेअरना सुरुवातीला 85 डेसिबलवर थांबावं लागतं. वापरणाऱ्याने होकार दिला तर 100 पर्यंत जाता येतं आणि ऐकण्याचे 20 तास भरले की तो होकार पुन्हा विचारला जातो. वैताग येतो खरा, पण आमच्या मते तो इशारा बंद करण्याआधी एकदा जोडी मोजून घ्यावी.

सेटिंग करताना

कमाल मर्यादेची सोय बहुतेक फोन आणि प्लेअरमध्ये असते. मोजणीनंतर योग्य पायरीवर आम्ही ती लावून देतो. मुलांच्या उपकरणाला पासकोड घालतो, पण तो मुलांसमोर टाकत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र लक्ष हवं. काहींची स्वतःची वेगळी आवाजपट्टी असते, ती फोनशी जुळलेली नसते. अशा वेळी फोनवरची मर्यादा तशीच राहते आणि हेडफोनवरच्या बटणाने आवाज चढत जातो.

गाण्यागाण्यांतला फरक ही वेगळी कटकट. 1990 च्या दशकापासून अनेक रेकॉर्डिंग दाबून, मोठ्या आवाजात तयार होऊ लागली. मैफलीचं शांत रेकॉर्डिंग ऐकण्यासाठी वाढवलेली पट्टी पुढच्या गाण्याला कानठळ्या बसवते. प्लेअरमध्ये रीप्लेगेन किंवा 'आवाज समान ठेवा' असा पर्याय असेल तर तो चालू करा. 2001 मध्ये मांडलेली रीप्लेगेन पद्धत मूळ गाणं तसंच ठेवते, फाइलमध्ये फक्त किती कमी-जास्त करायचं याची नोंद करते. सलग ऐकायच्या अल्बमला 'अल्बम' पर्याय निवडा, नाहीतर हळुवार भागही ताणून मोठा केला जातो.

इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करायच्या सोयीत, बेस (खालचे सूर) 6 डेसिबलने वाढवलात तर मोजलेला आकडा बदलतो, तेव्हा नेहमीचं सेटिंग ठेवूनच उपकरण आणा. गर्दीत, प्रवासात ऐकणाऱ्यांनी आधी कानात नीट बसणारे रबरी टोक घ्यावेत. बाहेरचा गोंगाट अडला की पट्टी दोन-तीन पायऱ्या खाली येते, हे आम्ही मोजणीत वारंवार पाहतो.

येताना प्लेअर, रोजचा हेडफोन, त्याची वायर किंवा चार्जर, आणि नेहमी ऐकता त्यातली एक मोठी आणि एक शांत अशी दोन गाणी उपकरणात भरून आणा. दोन हेडफोन वापरत असाल तर दोन्ही आणा, अहवाल वेगळे मिळतील.