यकृत पहिल्या पंगतीला बसतं तेव्हा

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो: ‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.’ खाली एका नोबेलविजेत्याचा हवाला. हे नोबेलविजेते म्हणजे ओटो वारबुर्ग. गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मोजून दाखवलं. निरीक्षण पक्कं आहे. मात्र १९३१चं नोबेल त्यांना पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमसाठी मिळालं, कॅन्सरसाठी नाही. आणि आपण साखर सोडली तरी यकृत स्नायूंमधली प्रथिनं मोडून ग्लुकोज तयार करतंच. आधीच खंगलेल्या रुग्णाचं त्यात आणखी नुकसान.

खरी गंमत यकृताच्याच कॅन्सरमध्ये आहे. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवला की त्याला बाहेर पडता येत नाही. हे चिकटवण्याचं काम हेक्सोकायनेज नावाची एन्झाइम्स करतात. निरोगी यकृतपेशीत त्यातलं ग्लुकोकायनेज असतं, आणि त्याचा स्वभाव सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या घरच्या बाईसारखा. रक्तातली साखर १४५ मिलिग्रॅमच्या आसपास गेली, तेव्हा कुठे ते निम्म्या वेगाने कामाला लागतं. म्हणजे जेवणानंतर मेंदू, स्नायू सगळ्यांचं भागून जे उरतं, ते यकृत साठवतं. रात्री साखर उतरली की दुसरं एक एन्झाइम, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, तोच फॉस्फेट काढून ग्लुकोज पुन्हा रक्तात सोडतं.

पेशी कॅन्सरची झाली की बहुतेकदा ग्लुकोकायनेज मागे पडतं आणि हेक्सोकायनेज-२ येतं. हा पहिल्या पंगतीचा गडी! १० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखरेतही त्याचा वेग निम्म्यावर पोचलेला असतो. त्यामुळे आहारातून साखर काढून त्याला उपाशी ठेवणं जवळजवळ अशक्य.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर पेडरसन यांचं आयुष्य या एन्झाइममागे गेलं. उंदरांच्या यकृतातल्या गाठींच्या पेशी वापरून त्यांनी आणि अर्नेस्टो बुस्तामांते यांनी १९७७मध्ये दाखवलं, की हे हेक्सोकायनेज पेशीत मोकळं तरंगत नाही, मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, बाहेरच्या पडद्याला चिकटून बसतं. चुलीपाशीच पाट मांडल्यासारखं! फॉस्फेट लागतो एटीपीमधून, म्हणजे पेशीच्या इंधनातून, आणि एटीपी बनतं आतच. पडद्यातल्या छिद्रातून ते ताजं ताजं हाती येतं. शिवाय एरवी तयार झालेलं ग्लुकोज-६-फॉस्फेट साचलं की हेक्सोकायनेज थंडावतं; पडद्याला चिकटलेल्यावर हा लगाम सैल पडतो. म्हणजे एकाच जागेचे दोन फायदे. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर पाट आणि चूल तेवढी लक्षात ठेवा.)

पुढे त्याच प्रयोगशाळेत यंग ही को यांनी ३-ब्रोमोपायरुवेट हा छोटासा रेणू वापरून पाहिला. तो लॅक्टिक आम्लासारखा दिसतो. गाठीच्या पेशींनी लॅक्टिक आम्ल बाहेर फेकण्यासाठी जे दरवाजे वाढवलेले असतात, त्यांतूनच तो आत शिरतो आणि एटीपीची निर्मिती तोडतो. २००४च्या निबंधात, वाढलेल्या गाठी असलेल्या १९ च्या १९ उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या. तो हेक्सोकायनेजपेक्षा दुसऱ्याच एका एन्झाइमवर जास्त हल्ला करतो, असं नंतरच्या कामातून दिसलं.

उंदीर बरे झाल्याची बातमी माणसांच्या बाजारात फार लवकर पोचते. २०१६मध्ये जर्मनीतल्या एका पर्यायी उपचार केंद्रात हाच पदार्थ शिरेतून दिल्यावर तीन रुग्ण दगावले. नीट मोजू न शकणाऱ्या वजनकाट्यामुळे मात्रा जास्त झाली, असं न्यायालयात निष्पन्न झालं.

आता पेट स्कॅन, म्हणजे शरीरातल्या गाठी शोधायची एक तपासणी. त्यात किरणोत्सारी ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात. हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावून अडकवतं आणि गाठ उजळते. मग यकृताची गाठ तर लख्ख दिसायला हवी? नाही. ज्या गाठींच्या पेशी अजून मूळ यकृतपेशींसारख्याच आहेत, त्यांच्यात ते रात्रीचं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज शाबूत असतं. ते फॉस्फेट काढून टाकतं, पदार्थ निसटतो आणि गाठ आजूबाजूच्या यकृताइतकीच फिकी दिसते. म्हणूनच यकृताच्या कॅन्सरचा संशय असला की डॉक्टर आधी पेट नाही, ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआय लिहून देतात.